मी कुठंच गेलो नव्हतो

२००४ च्या दिवाळीत आमच्या साताऱ्याच्या घरी कॉम्प्युटर येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. भाऊबीजेला आत्या कराडहून आली होती. तिच्या मुलाने डॅलसहून नव्या बाळाचे फोटो ई-मेलने पाठवले होते आणि ते तिला दाखवायचा मान दादाचा, कारण घरात इंटरनेट 'लावता' येणारा तोच एक. मोडेमने नेहमीप्रमाणे घसा खरवडला, ब्राउझर उघडला, आणि ई-मेलच्या पानाऐवजी समोर उघड्यावाघड्या बायकांचं पान आलं. दादाने ते बंद केलं. त्याच्या जागी दोन आली. ती बंद केली, तर आणखी चार. आत्याने पदर तोंडाला लावला. बाबांनी उठून टेलिफोनची वायर भिंतीतून ओढून काढली आणि आत्याच्या देखत दादाच्या कानाखाली वाजवली.

"मी कुठंच गेलो नव्हतो," एवढंच दादा म्हणत राहिला.

तो तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता, मी दहावीत. खरं सांगायचं तर माझाही त्याच्यावर विश्वास बसला नाही. ब्राउझरच्या 'फेव्हरिट्स'मध्ये तसल्या साइटींची यादीच होती. ती काय आपोआप आली? मोडेम कपाटात गेला, कपाटाची किल्ली बाबांच्या खिशात. दादा पुढे बरेच महिने बाबांशी कामापुरतंच बोलत असे.

तुमच्यापैकी जे त्या काळात विंडोजचा कॉम्प्युटर वापरत होते, मग ते एडिसनला असोत, दुबईत असोत की ठाण्यात, त्यांना ही पॉप-अपची पिलावळ आठवत असेल. कुणी तरी कुणावर तरी संशय घेतलाही असेल. मुलावर, नवऱ्यावर, रूममेटवर. आज मी कॉम्प्युटर सायन्समध्येच संशोधन करते, आणि त्या काळाचा इतिहास जसजसा वाचत गेले, तसतसं एक लक्षात आलं. स्पायवेअर आणि ॲडवेअर ही वरवर तंत्रज्ञानाची गोष्ट आहे. पण त्यातलं मूळ भांडण एकाच मुद्द्याचं होतं: दोष कुणाचा? प्रोग्राम लिहिणाऱ्याचा, त्यावर जाहिरात देणाऱ्याचा, की खुर्चीत बसलेल्याचा?

सुरुवात तशी साळसूदच होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी छोटे प्रोग्रामर आपलं सॉफ्टवेअर फुकट वाटू लागले आणि खर्च भागवायला त्यात जाहिरातीची एक पट्टी बसवू लागले. पट्टी पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. ऑरिएट ही त्यातली एक, पुढे तिचं नाव रेडिएट झालं. कॅलिफोर्नियातल्या स्टीव्ह गिब्सन नावाच्या प्रोग्रामरला २००० च्या सुरुवातीला स्वतःच्याच मशीनवर ऑरिएटच्या फायली सापडल्या. त्याच्या फायरवॉलने त्याला सांगितलं, की तुझ्या कॉम्प्युटरवरचं काहीतरी गुपचूप बाहेर बोलतंय. ज्या प्रोग्रामबरोबर ही जोडणी आली, तो काढून टाकला तरी ती मागे राहत असे. गिब्सनने ती उपटून काढणारं 'ऑप्टआउट' नावाचं अवजार लिहिलं आणि फुकट दिलं. स्पायवेअर काढणारा पहिला प्रोग्राम म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. 'स्पायवेअर' हा शब्द मात्र त्याने घडवला नाही. तो १९९५ सालीच यूझनेटवर मायक्रोसॉफ्टची टिंगल करताना कुणीतरी वापरला होता.

त्याआधी थोडेच महिने, नोव्हेंबर १९९९ मध्ये, रिअलज्यूकबॉक्स हा गाणी वाजवणारा लोकप्रिय प्रोग्राम पकडला गेला होता. तुम्ही कुठली सीडी ऐकता ही माहिती तो एका ओळख-क्रमांकासह कंपनीकडे पाठवत होता. रिचर्ड स्मिथ या सुरक्षातज्ज्ञाने ते उघडकीला आणलं आणि कंपनीला माफी मागावी लागली. त्या वेळी लोकांना याचं आश्चर्य वाटलं होतं, हे आज वाचताना गंमत वाटते.

मग आला गेटर. नाव मगरीचं, काम पासवर्ड लक्षात ठेवून फॉर्म भरून द्यायचं, तेही फुकट. बदल्यात तुम्ही कुठल्या साइटवर जाता ते तो बघणार आणि त्यानुसार जाहिराती दाखवणार. त्या जाहिराती दुसऱ्याच्या पानावर उगवत. म्हणजे तुम्ही वर्तमानपत्र उघडलं, की त्याच्या स्वतःच्या जाहिरातींवर गेटरची जाहिरात येऊन बसायची. दुसऱ्याच्या दुकानाच्या पाटीवर रात्रीतून आपलं पोस्टर चिकटवावं तसं. २००२ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स, डाऊ जोन्स वगैरे मोठ्या प्रकाशकांनी मिळून दावा लावला. २००३ च्या फेब्रुवारीत आपसात मिटवामिटवी झाली. वर्तमानपत्रांना दाद मिळाली ती त्यांची जाहिरातीची जागा चोरली म्हणून. ज्याच्या मशीनवर हे सगळं चाललं होतं, तो वापरणारा या दाव्यात पक्षकार नव्हताच.

गेटरचं म्हणणं साधं होतं: आम्ही विचारलं, तुम्ही 'हो' म्हणालात. आम्हाला स्पायवेअर म्हणायचं नाही, आम्ही ॲडवेअर. या शब्दावरून त्यांनी पीसी पिटस्टॉप नावाच्या छोट्या कंपनीवर २००३ मध्ये बदनामीचा दावाही ठोकला. त्याच वर्षी स्वतःचं नाव बदलून क्लॅरिया केलं. २००४ मध्ये शेअर बाजारात उतरायला कागदपत्रं दाखल केली, तेव्हा जगाला कळलं की हा धंदा वर्षाला सुमारे ९ कोटी डॉलरचा आहे आणि ४ कोटींहून जास्त कॉम्प्युटरांवर त्यांचं बिऱ्हाड आहे. उत्पन्नाचा मोठा हिस्सा येत होता याहूच्या ओव्हर्चर या कंपनीकडून. म्हणजे चोरबाजार नव्हे. पांढऱ्या कॉलरवाल्यांची पेठ.

आता 'हो म्हणालात' या युक्तिवादाकडे जरा बघू. करारनामे हजारो शब्दांचे, छोट्या खिडकीत पन्नासेक वेळा खाली सरकवत वाचायचे. ते कोण वाचतं, याची परीक्षा त्याच पीसी पिटस्टॉपने घेतली. आपल्या एका प्रोग्रामच्या करारात त्यांनी मध्येच लिहून ठेवलं, की या पत्त्यावर ई-मेल कराल तर पैसे मिळतील. चार महिने गेले, तीन हजारांवर लोकांनी प्रोग्राम उतरवला, तेव्हा कुठे एकाने लिहिलं. त्याला हजार डॉलर मिळाले.

आणि आपण मराठी मंडळी? आपल्याला तर 'हो' म्हणायची सवय मराठीनेच लावली होती. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक मराठी वर्तमानपत्राचा फॉण्ट वेगळा. परदेशात बसून सकाळी गावाकडची बातमी वाचायची, तर आधी 'फॉण्ट डाउनलोड करा', मग तो विंडोजच्या फॉण्ट फोल्डरमध्ये टाका, नाहीतर इंटरनेट एक्सप्लोरर जे काही विचारेल त्याला मुकाट्याने 'येस' म्हणा. नाही म्हणालात, तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची अर्थहीन खिचडी. फॉण्टची खिडकी आणि भुरट्याची खिडकी, दोघींचा चेहरा एकच. राखाडी, वर निळी पट्टी. भाषेच्या ओढीने दाबलेलं बटण कुठलं आणि भुलून दाबलेलं कुठलं, हे कुणी कसं ओळखावं?

काहींनी तर विचारायचं सोंगही सोडून दिलं. २००३ च्या उन्हाळ्यात 'कूलवेबसर्च' नावाचं प्रकरण पसरलं. ते एका विशिष्ट प्रोग्रामचं नाव नव्हे. लोकांना ठरावीक साइटींकडे हाकलून आणणाऱ्यांना पैसे मिळत, आणि त्या पैशासाठी निरनिराळ्या लोकांनी केलेले ते डझनावारी प्रकार होते. काही प्रकार मायक्रोसॉफ्टच्या जावा यंत्रणेतल्या एका भोकातून आत शिरत. पान नुसतं उघडलं तरी पुरे, काही दाबायची गरज नाही. आत गेल्यावर ब्राउझरचं मुख्य पान बदलायचं, पॉप-अप सोडायचे, आणि फेव्हरिट्समध्ये अश्लील साइटींची यादी भरून ठेवायची.

हे मी प्रथम वाचलं ते पुण्यात, एम.ई. करताना, लायब्ररीत. फेव्हरिट्सबद्दलच्या त्या वाक्याशी थांबले. मग बाहेर येऊन दादाला फोन केला. तो तेव्हा साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला लागला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबांना सांगितलंस?" मी म्हटलं, सांगते. सांगितलंही. बाबा "हं" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आमच्या घरात एका थपडीवर भागलं. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या नॉर्विच गावात, आमच्या त्या भाऊबीजेच्या चारेक आठवडे आधी, १९ ऑक्टोबर २००४ ला जे घडलं ते मला आजही सहज वाचवत नाही. ज्युली अमेरो ही बदली शिक्षिका सातवीच्या वर्गावर आली होती. वर्गातला कॉम्प्युटर नेहमीच्या शिक्षकाने स्वतःच्या नावाने सुरू करून दिलेला, आणि तो बंद करू नका अशी तिला सूचना. केशरचनांच्या एका साइटवरून पॉप-अप सुरू झाले, एकापाठोपाठ एक, अश्लील. मुलांनी ते पाहिले. मशीन विंडोज ९८ चं, अँटिव्हायरसची मुदत संपलेली, स्पायवेअर रोखणारं काही नाही, शाळेच्या फिल्टरचंही नूतनीकरण राहिलेलं. यातल्या एकाही गोष्टीची जबाबदारी बदली शिक्षिकेची नव्हती.

अटक मात्र तिला झाली. जानेवारी २००७ मध्ये ज्यूरीने मुलांच्या हिताला धोका पोचवल्याच्या चार आरोपांवर तिला दोषी ठरवलं. कमाल शिक्षा चाळीस वर्षं होऊ शकत होती. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं, की ही पानं बघायची तर त्यांवर क्लिक करावंच लागतं. तपास करणाऱ्या पोलिसाने मशीनवर स्पायवेअर आहे का हे पाहिलंच नव्हतं. निकालाची बातमी आली आणि देशभरचे सुरक्षातज्ज्ञ चवताळले. सनबेल्ट या अँटिस्पायवेअर कंपनीचे प्रमुख ॲलेक्स एकलबेरी यांनी तज्ज्ञांची फळी उभी केली, हार्ड डिस्कची प्रत तपासली गेली, त्यांनी फुकट अहवाल लिहिला. जून २००७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल रद्द करून नव्याने खटला चालवायचा आदेश दिला. पण सरकारी पक्षाने आरोप मागे घेतले नाहीत. खटला लोंबकळत राहिला. शेवटी नोव्हेंबर २००८ मध्ये किरकोळ गैरवर्तनाचा गुन्हा मान्य करून, शंभर डॉलर दंड भरून आणि शिकवण्याचा परवाना कायमचा सोडून तिने सुटका करून घेतली. चार वर्षं! पॉप-अप सोडणाऱ्यांपैकी कुणी त्या कोर्टाची पायरी चढल्याचं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

मग या काळात सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरचं रक्षण केलं कुणी? मोठ्या अँटिव्हायरस कंपन्या आधी बिचकत होत्या. व्हायरसला वाली नसतो, ॲडवेअरला वकील असतो. काम केलं ते हौशी लोकांनी, आणि त्यातले बरेचसे युरोपातले. जर्मनीत पॅट्रिक कोलाने 'स्पायबॉट सर्च अँड डिस्ट्रॉय' लिहिलं आणि लोकांच्या देणग्यांवर चालवलं. ते सापडलेली घाण काढायचंच, शिवाय 'इम्युनाइज' बटण दाबलं की ठाऊक असलेल्या वाईट साइटींची आणि ॲक्टिव्हएक्स घटकांची वाट आधीच बंद करायचं. नेदरलँड्समधल्या मेराइन बेलेकोम या विद्यार्थ्याने खास कूलवेबसर्चसाठी 'सीडब्ल्यूश्रेडर' लिहिलं. नवा प्रकार आला की हा त्याचा माग काढून नवी आवृत्ती द्यायचा, तोवर पुढचा प्रकार हजर. त्याचंच 'हायजॅकदिस' ब्राउझर आणि विंडोज सुरू होताना काय काय चालू होतं त्याची उघडीवाघडी यादी काढायचं. यातलं चांगलं कुठलं, वाईट कुठलं, हे ते सांगत नसे. ते ओळखायला जाणता माणूस लागायचा, आणि असे जाणते लोक रात्र-रात्र जागून परक्यांच्या याद्या वाचून देत. फी शून्य.

आणि 'ॲड-अवेअर'! ते बनवणारी लावासॉफ्ट कंपनी तेव्हा स्वीडनच्या गोथेनबर्गमधली, म्हणजे मी आज जिथे पोस्टडॉक करते त्या गावची. गिब्सनने स्वतःचं ऑप्टआउट थांबवलं आणि लोकांना सांगितलं की आता ॲड-अवेअर वापरा. एका माणसाने आपलं अवजार खाली ठेवून दुसऱ्याचं हाती द्यावं, हे आमच्या क्षेत्रात तेव्हाही क्वचित घडायचं. इथल्या स्वीडिश सहकाऱ्यांना मी हे कौतुकाने सांगितलं. ते नम्रपणे हसले. त्यांना त्या प्रोग्रामचं नाव आठवत होतं, आपल्या गावचा आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं.

संशोधकही हळूहळू जागे झाले. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या तिघांनी २००४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्याच कॅम्पसच्या नेटवर्कवर त्यांनी गेटरसह चार ठरावीक प्रोग्रामांचा मागोवा घेतला, तेव्हा चालू असलेल्या मशीनपैकी ५.१ टक्के मशीनवर त्यातला किमान एक सापडला. विद्यापीठात, आणि फक्त चारच प्रोग्राम शोधले तर एवढे! शिवाय त्यातल्या दोघांमध्ये अशी भोकं होती, की तिसऱ्याच कुणी त्यातून आत यावं. म्हणजे 'आम्ही नुसत्या जाहिराती दाखवतो' हा बचावही पोकळ. तो निबंध मी आजही नव्या विद्यार्थ्यांना वाचायला देते.

मायक्रोसॉफ्टला जाग आली तीही २००४ मध्येच. ऑगस्टमध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला. पॉप-अप अडवणारी सोय आली, फायरवॉल आपोआप सुरू राहू लागली. आमच्या घरच्या मशीनपर्यंत ते कधी पोचलं नाही. एक्सपी चोरीचं होतं आणि जोडून देणाऱ्या दुकानदाराने "अपडेट चालू केलं तर बंद पडेल" अशी तंबी दिली होती. शिवाय त्या काळच्या घरगुती एक्सपीत प्रत्येक जण ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या हाती तिजोरीची किल्ली. आत शिरलेल्या प्रोग्रामच्या हातीसुद्धा. मर्यादित अधिकारांचं साधं खातं कुणी करून दिलं असतं, तर निम्मी घाण रुजलीच नसती. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट नावाची छोटी कंपनी विकत घेतली आणि महिन्याभरात तिचा अँटिस्पायवेअर प्रोग्राम फुकट द्यायला सुरुवात केली. आजच्या डिफेंडरचं मूळ तेच. पण २००५ च्या उन्हाळ्यात बातमी आली, की मायक्रोसॉफ्ट चक्क क्लॅरिया विकत घ्यायच्या बोलण्यांत आहे. त्याच सुमारास लोकांच्या लक्षात आलं, की या प्रोग्रामला क्लॅरिया सापडली तर तो आता 'दुर्लक्ष करा' असा सल्ला देतोय. मायक्रोसॉफ्टने खुलासा केला की हा निकष सगळ्यांना सारखाच लावला आहे. सौदा झाला नाही. तुम्ही काय समजायचं ते समजा.

कायद्याचं तर विचारूच नका. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००४, २००५ आणि २००७ असं तीनदा स्पायवेअरविरोधी विधेयक मंजूर केलं, सिनेटमध्ये ते एकदाही झालं नाही. फेडरल ट्रेड कमिशनने जुन्याच कायद्याखाली काही कंपन्यांना पकडलं. झँगोला २००६ मध्ये ३० लाख डॉलर, डायरेक्ट रेव्हेन्यूला २००७ मध्ये १५ लाख. दुसऱ्या तडजोडीवर आयुक्त जॉन लायबोविट्झ यांनी विरोधी मत नोंदवलं. मालकांच्या खिशात दोन कोटींहून जास्त डॉलर राहतायत, मग हा दंड कसला, असं त्यांचं म्हणणं. क्लॅरिया २००६ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली, झँगो २००९ मध्ये बुडाली. तोवर लोक कुठल्या पानावर किती वेळ थांबतात हे टिपायला वेगळा प्रोग्राम बसवायची गरजच उरली नव्हती. ते काम पानंच करू लागली होती.

गेल्या गणपतीतली गोष्ट. रात्री साडेनऊला बाबांचा फोन आला, म्हणजे भारतात पहाटेचा एक वाजलेला. आवाज खालचा.

"झोपली नव्हतीस ना? अगं, लॅपटॉपवर सारखं येतंय, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस आहेत म्हणून. लाल रंगात. मध्ये मध्ये दुसरंही काहीतरी घाणेरडं येतंय. आई उठायच्या आत काढून दे."

मी रिमोटने त्यांच्या पडद्यावर गेले. व्हायरस एकही नव्हता. आरत्यांच्या कुठल्याशा साइटने 'नोटिफिकेशन पाठवू का' असं विचारलं होतं आणि त्यांनी 'अलाउ' दाबलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साइटची परवानगी काढली, यादीतल्या अशाच आणखी अकरा साइटींची काढली, यापुढे कुणी विचारायचंच नाही अशी खूण केली. डिफेंडरने एकदा पूर्ण तपासणी लावली. त्यांच्या वापराचं खातं साधं करून ॲडमिनचं वेगळं केलं, त्याचा पासवर्ड दादाकडे. सगळं मिळून वीस मिनिटं, तपासणीचा वेळ वेगळा.

बाबा फोनवरच होते. मी काय करते ते पडद्यावर बघत होते.

"मी कुठंच गेलो नव्हतो गं," ते म्हणाले. "आरत्याच बघत होतो."

"माहीत आहे बाबा."

थोडा वेळ दोन्हीकडे शांतता. मग त्यांनी विचारलं, "पासवर्ड दादाकडे दिलास, म्हणजे त्याला हे सांगावं लागेल?"

"लागेल."

"बरं," ते म्हणाले. "मीच सांगतो."